अ‍ॅन सुलिव्हान : हेलन केलरला पदवीपर्यंत नेणाऱ्या बाई



हेलन केलरची पंपाची गोष्ट आपण बहुतेक सगळेच वर्गात सांगतो. मुलीच्या एका हातावर पंपाचं पाणी पडतंय, दुसऱ्या हाताच्या तळव्यात बाई बोटांच्या खुणांनी 'पाणी' या शब्दाची अक्षरे देत आहेत, आणि त्या आंधळ्या-बहिऱ्या मुलीला एकदम उमगतं की प्रत्येक वस्तूला नाव असतं. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण आपण तिथेच थांबतो. तो दिवस होता ५ एप्रिल १८८७. हेलन तेव्हा पावणेसात वर्षांची होती. त्यानंतर १७ वर्षांनी, १९०४ मध्ये, ती रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. पूर्णपणे अंध आणि कर्णबधिर असूनही पदवी मिळवणारी ती पहिली व्यक्ती.

आपल्या शाळेतल्या दिव्यांग मुलाचे आईवडील विचारतात ना, की इथे तुम्ही सांभाळून घेता हो, पण पुढे कॉलेजात कोण बघणार? त्या प्रश्नाशी पंपाच्या गोष्टीचा फारसा संबंध नाही. त्या १७ वर्षांचा आहे. म्हणून आज हेलनपेक्षा तिच्या बाईंबद्दल लिहितो आहे.

अ‍ॅन सुलिव्हानचा जन्म १४ एप्रिल १८६६ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फीडिंग हिल्स या गावचा. आईवडील आयर्लंडहून पोट भरायला आलेले, घरात कमालीची गरिबी. पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपरी झाली. उपचार झालेच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि नजर जवळजवळ गेली. आठव्या वर्षी आई क्षयाने वारली. वडिलांनी हात वर केले. १८७६ मध्ये अ‍ॅन आणि तिचा धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरीच्या सरकारी आश्रयगृहात झाली. निराधार, म्हातारे, आजारी, वेडे सगळे तिथे एकत्र असत. जिमीच्या कमरेच्या सांध्याला क्षय होता. तो काही महिन्यांतच गेला.

तिथे अ‍ॅनने चारहून अधिक वर्षे काढली. अंध मुलांसाठी वेगळी शाळा असते, हे तिला तिथल्याच कुणाकडून तरी कळलं होतं. १८८० मध्ये सरकारी समिती पाहणीसाठी आली. ही मुलगी अधिकाऱ्यांच्या मागेमागे फिरत राहिली आणि ते निघायच्या वेळी तिने ओरडून सांगितलं की मला शाळेत जायचं आहे. तिचं नाव कुणी सुचवलेलं नव्हतं, कुणाची शिफारस नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली. वय १४ आणि स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर शाळाबाह्य मूल, वयानुरूप प्रवेश! बाकीच्या मुली हसायच्या. तीही कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण सहा वर्षांनी, १८८६ मध्ये, ती आपल्या तुकडीत पहिली येऊन बाहेर पडली. मधल्या काळात डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि थोडा वेळ वाचता येईल इतपत दिसू लागलं. 'थोडा वेळ' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पर्किन्समध्ये लॉरा ब्रिजमन नावाच्या वयस्कर बाई राहत. त्याही अंध आणि कर्णबधिर. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून अ‍ॅन बोटांची लिपी शिकली. आपल्याकडे करपल्लवी म्हणतात तसाच प्रकार. प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठरावीक ठेवण असते, ती समोरच्याच्या तळहातात द्यायची. पुढे अ‍ॅनच्या आयुष्यभराचं काम याच लिपीत झालं.

१८८७ च्या मार्चमध्ये त्या अलाबामातल्या टस्कंबिया गावी केलर कुटुंबाकडे रुजू झाल्या. आता त्यांना आपण बाई म्हणू. वय २०, पगार महिना २५ डॉलर. ना डी.एड., ना बी.एड.! तयारी म्हणजे लॉरा ब्रिजमनला कसं शिकवलं गेलं, त्याचे जुने अहवाल त्यांनी काही महिने बसून वाचून काढले होते, एवढीच.

पंपाच्या घटनेनंतर आठवडाभरातच बाईंनी एक गोष्ट केली, ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे. त्यांनी ठरावीक वेळेचे ठरावीक धडे बंद केले. हेलनचं १५ महिन्यांचं एक मामे-चुलत भावंड होतं, त्याच्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं की लहान मूल भाषा धड्यातून शिकत नाही. घरातले सगळे त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत असतात. त्यातलं त्याला थोडं कळतं, थोडं निसटतं, आणि एक दिवस ते स्वतः बोलू लागतं. मग बाईंनी हेलनच्या तळहातावर दिवसभर पूर्ण वाक्ये द्यायला सुरुवात केली. कळो न कळो. भूगोल शिकवला तो टेनेसी नदीच्या काठावर, चिखलात बेटं आणि धरणं करून. ज्ञानरचनावादाच्या प्रशिक्षणात आपण जे ऐकतो, ते या बाई १८८७ मध्ये करत होत्या आणि त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं.

मात्र याच काळात एक प्रकार घडला. ११ वर्षांच्या हेलनने पर्किन्सच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून एक गोष्ट लिहून पाठवली. ती छापून आली आणि मग लक्षात आलं की ती एका जुन्या, छापील गोष्टीशी फारच जुळते. हेलनला कुणीतरी ती कधीकाळी वाचून दाखवली होती. ऐकलेलं कुठलं आणि आपलं कुठलं, हे तिला वेगळं करता आलं नव्हतं. १८९२ मध्ये पर्किन्समध्ये आठ मोठ्या माणसांची समिती बसली. सुलिव्हानबाईंना खोलीबाहेर थांबायला सांगून त्या पोरीची उलटतपासणी झाली. हेलन सुटली, पण लोकांच्या मनात शंका राहिली ती राहिलीच. ही मुलगी बोलते ते हिचं स्वतःचं, की बाईंचं? पुढे प्रत्येक परीक्षेत हा प्रश्न दारात उभा असायचा.

हेलनला हार्वर्डच्या बरोबरीच्या कॉलेजात जायचं होतं. हार्वर्डमध्ये तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. रॅडक्लिफ हे शेजारचं मुलींचं कॉलेज. तिथे शिकवायला हार्वर्डचेच प्राध्यापक येत आणि प्रवेश परीक्षाही त्याच तोडीची असे. तयारीसाठी १८९६ मध्ये तिला केंब्रिजच्या एका मुलींच्या शाळेत घातलं. सर्वसाधारण शाळा, डोळस आणि ऐकू येणाऱ्या मुलींची. मुख्याध्यापक होते आर्थर गिलमन. आज आपण ज्याला समावेशित शिक्षण म्हणतो ते हेच. आणि अडचणीही आपल्याच! अख्ख्या शाळेत बोटांची लिपी शिकले ते दोघेच, जर्मनच्या बाई आणि स्वतः गिलमन. बाकी प्रत्येक तासाला सुलिव्हानबाई हेलनशेजारी बसून सगळं तिच्या हातात देत. ब्रेलमधली पुस्तके लंडन आणि फिलाडेल्फियातले स्नेही मुद्दाम तयार करून घेत होते, पण ती वेळेवर येत नसत. शाळा सुरू झाली तरी पुस्तकं नाहीत, हे काही आपल्याला नवीन नाही.

१८९७ च्या पूर्वपरीक्षेत गिलमन यांनी स्वतः प्रश्नपत्रिका हेलनच्या हातात दिल्या. तिने उत्तरे टाइपरायटरवर लिहिली. टकटक इतरांना नको म्हणून वेगळी खोली. लिहिलेलं गिलमन तिला परत वाचून दाखवत आणि ती दुरुस्त्या सांगे. ती सगळ्या विषयांत पास झाली, जर्मन आणि इंग्रजीत तर विशेष प्रावीण्य.

पण पुढच्याच वर्षी बिनसलं. हेलनवर फार ताण येतोय, अभ्यास आणखी काही वर्षांत पसरवावा, असं गिलमन यांचं मत झालं. बाईंचं आणि हेलनचं म्हणणं वेगळं होतं. वाद इतका वाढला की हेलनला बाईंपासून वेगळं करण्याचा प्रयत्न झाला. शेवटी आईने मुलीला त्या शाळेतून काढलं. मला गिलमन यांना खलनायक करायचं नाही. आपल्यापैकी किती मुख्याध्यापक एका मुलासाठी नवी लिपी शिकतील? पण मुलीला कितपत झेपेल हे ठरवताना खुद्द तिला विचारलं गेलं नाही. हे आजही फार सहज होतं. झेपणार नाही हो त्याला, असं म्हणून आपण विषयच सोडायला लावतो. बहुतेक वेळा गणित.

गणिताचंच बघा. भूमितीच्या आकृत्या फळ्यावर. हेलनला त्या कशा कळणार? मग उशीवर सरळ आणि वाकवलेल्या तारा टोचून आकृत्या करायच्या आणि बोटांनी चाचपायच्या. पुढे मर्टन कीथ नावाच्या शिक्षकांनी तिची घरी तयारी करून घेतली. तिला न जमणारा विषय त्यांच्याकडे जमायला लागला, कारण ते थांबून, हळूहळू शिकवत.

आता १८९९ च्या जूनमधली अंतिम प्रवेश परीक्षा. हा भाग जरा सावकाश वाचा.

कॉलेजने ठरवलं की प्रश्नपत्रिका सुलिव्हानबाईंनी वाचून दाखवायच्या नाहीत. मागचा इतिहास पाहता मला हा नियम चुकीचा वाटत नाही. उलट त्यामुळे हेलनचं यश तिचंच ठरणार होतं. बाईंच्या जागी पर्किन्समधले व्हायनिंग नावाचे शिक्षक नेमले. ते प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देणार. पण ते हेलनला अनोळखी होते. त्यांना बोटांची लिपी येत नव्हती, त्यामुळे ब्रेलमध्ये लिहून दाखवण्यापलीकडे त्यांचा तिच्याशी काही संवाद होऊ शकत नव्हता. पर्यवेक्षकही अनोळखीच.

आणि खरी गंमत पुढे आहे. तेव्हा इंग्रजी भाषेसाठीच ब्रेलचे वेगवेगळे प्रकार चालत. साधा मजकूर हेलनला सगळ्या प्रकारांत वाचता येई. पण बीजगणिताच्या खुणा प्रत्येक प्रकारात वेगळ्या, आणि ती शिकली होती इंग्लंडमधल्या पद्धतीने. परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हायनिंग यांनी नमुन्याची जुनी प्रश्नपत्रिका पाठवली, तर ती अमेरिकन खुणांमध्ये! तिने लगेच पत्र लिहून खुणांचा तक्ता मागवला आणि पाठ करायला बसली. बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या रात्रीही कंस आणि वर्गमुळाच्या खुणा तिला एकमेकींपासून ओळखता येत नव्हत्या. सकाळी लवकर कॉलेजात जाऊन व्हायनिंग यांच्याकडून त्या समजून घेतल्या आणि ती पेपरला बसली. टाइप केलेलं तिला दिसत नव्हतं, आणि आता ते परत वाचून दाखवणारंही कुणी नव्हतं.

ती पास झाली. पण तिची परीक्षा बीजगणिताची झाली की खुणांची? कुणी मुद्दाम त्रास दिला नव्हता. सोय केली होती, त्यासाठी माणूस नेमला होता. फक्त, बाई तू कोणत्या खुणा वापरतेस, हे तिला वेळेवर कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखीव आहेत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ होता. आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखनिक दिला असेल तर विद्यार्थ्याला दोन दिवस आधी त्याला भेटता यावं, तो आपल्याला चालेल की नाही हे बघता यावं, असंही त्यात म्हटलं होतं. पालकांनो, ही दोन दिवसांची ओळ नीट लक्षात ठेवा. लेखनिकाला आकृतीचं वर्णन कळतं का, मराठी-इंग्रजी शब्द नीट लिहिता येतात का, हे परीक्षेच्या हॉलमध्ये कळून उपयोग नसतो. आणि आपल्या दृष्टीने बोलायचं तर, मूल वर्षभर ज्या पद्धतीने लिहितं त्याच पद्धतीने परीक्षा देणार आहे का, हे जूनमध्येच बघायला हवं, फेब्रुवारीत नव्हे.

प्रमाणपत्र मिळालं तरी रॅडक्लिफ राजी नव्हतं. तिने दुसरा विचार करावा, असं सुचवून पाहिलं गेलं. हेलन हटली नाही. १९०० मध्ये ती दाखल झाली. पैशाचा प्रश्न होता, तो मार्क ट्वेन या लेखकाच्या ओळखीतून सुटला. हेन्री रॉजर्स नावाच्या श्रीमंत उद्योगपतीने शिक्षणाचा खर्च उचलला.

पुढची चार वर्षे काय चाललं असेल, डोळ्यांसमोर आणा. वर्गात प्राध्यापक आपल्या वेगाने बोलत आहेत. शेजारी बसलेल्या बाई ते ऐकून अक्षर-अक्षर करून हेलनच्या तळहातात देत आहेत. हेलनचा हात ऐकण्यात गुंतलेला, त्यामुळे टिपणे काढणं अशक्य. घरी जाऊन जेवढं आठवेल तेवढं ती टाइप करे. तिच्या टाइपरायटरला अक्षरांचे साचे बदलायची सोय होती, ग्रीकसाठी वेगळा, फ्रेंचसाठी वेगळा, गणितासाठी वेगळा. नेमलेली पुस्तके ब्रेलमध्ये फारच थोडी, बाकी सगळी बाईंनी वाचायची आणि हातात द्यायची. वर्गातल्या मुली प्रेमळ होत्या, त्यांनी हेलनला एक कुत्राही भेट दिला, फिझ त्याचं नाव. पण कुत्रा देणं आणि गप्पा मारता येणं यात फरक आहे. बोटांची लिपी येणारं तिथे जवळपास कुणी नव्हतं, म्हणून मैत्री बेताचीच राहिली.

आणि बाईंचे डोळे? डॉक्टरांना कळलं की या रोज चार-पाच तास वाचतात, तेव्हा ते हादरलेच. डोळ्यांना विश्रांती द्यायलाच हवी, असं त्यांनी बजावलं. पण वाचणार कोण? कॉलेजने वाचक नेमला नव्हता. एखादा उतारा पुन्हा वाचू का, असं बाईंनी विचारलं की हेलन कधीकधी तो लक्षात आहे असं सांगून वेळ मारून नेई. प्रत्यक्षात तो निसटलेला असे. म्हणजे विद्यार्थिनी आपला अभ्यास सोडून शिक्षिकेचे डोळे वाचवत होती.

मला या चरित्रातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते. आपण बाईंच्या त्यागाचं कौतुक करतो आणि ते करायलाच हवं. पण विद्यापीठाने हेलनला आत घेतलं म्हणजे नेमकं काय केलं? दार उघडलं आणि आतलं सगळं काम एका अर्धअंध बाईवर सोडलं. आज अनेक विद्यापीठांत यासाठी समान संधी कक्ष असतो. ब्रेल किंवा ऑडिओ पुस्तके, लेखनिक, वाचक, रॅम्प, प्राध्यापकांशी बोलणी, हे सगळं बघणारी माणसं नेमणं हे संस्थेचं काम आहे. प्रत्यक्षात कितीदा तरी ते मुलाची आईच करत असते. शाळेच्या व्हरांड्यात दिवसभर बसून राहणाऱ्या आया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ती आई आजारी पडली की मुलाची शाळा बंद. तेव्हा बारावीनंतर प्रवेश घेताना फी आणि वसतिगृहाच्या जोडीला एवढं जरूर विचारा, की हा कक्ष कोण चालवतं, आणि ती व्यक्ती रजेवर गेली तर दुसरं कोण?

२८ जून १९०४ रोजी हेलन सन्मानासह पदवीधर झाली. पदवी घेताना बाई शेजारी होत्या. चार वर्षांचं प्रत्येक व्याख्यान त्यांनी ऐकलं होतं, प्रत्येक पुस्तक वाचलं होतं. त्यांना पदवी मिळाली नाही, कारण त्या विद्यार्थिनी नव्हत्याच. टेम्पल विद्यापीठाने १९३१ मध्ये दोघींना सन्माननीय पदवी देऊ केली, तेव्हा बाईंनी ती नाकारली. पुढच्या वर्षी बऱ्याच मनधरणीनंतर स्वीकारली. रॅडक्लिफने १९६० मध्ये त्यांच्या नावाचं कारंजं बांधलं, तोपर्यंत त्या जाऊन २४ वर्षे झाली होती.

कॉलेजच्या काळातच हेलनने आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या संपादनात मदत करणारे जॉन मेसी यांच्याशी बाईंनी १९०५ मध्ये लग्न केलं, ते फार वर्षे टिकलं नाही. पुढे दोघींनी गावोगाव व्याख्यानं दिली, पोटासाठी रंगमंचावर कार्यक्रमही केले, अंधांच्या संस्थेसाठी निधी गोळा केला. १९१४ मध्ये पॉली थॉमसन नावाची स्कॉटिश तरुणी त्यांच्या मदतीला आली. तीही बोटांची लिपी शिकली आणि हळूहळू बाईंचं बरंचसं काम तिने उचललं. बाईंना शेवटी दिसेनासं झालं, तेव्हा हेलन त्यांना ब्रेलची उजळणी करायला मदत करत असे.

२० ऑक्टोबर १९३६ रोजी अ‍ॅन सुलिव्हान वारल्या. हेलन त्यानंतर जवळजवळ ३२ वर्षे जगली. १९५५ मध्ये ती भारतातही येऊन गेली. तेव्हा तिच्या हातात लोकांचं बोलणं देणारी व्यक्ती होती पॉली थॉमसन.